चौकाचा पॅटिओ

आमच्या घरातून आजवर दोनच गोष्टी बाहेर गेल्या. एक, लग्न होऊन मुली. आणि दुसरी, १९९१ साली दारातून चोरीला गेलेली सायकल. मुली दिवाळीला परत येतात. सायकलीचीही आशा आईने सोडलेली नाही. तिचा पंप अजून खुंटीला टांगलेला आहे.

बाकी जे जे या घरात आलं ते इथेच राहिलं. घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, जुनं आणि दगडी. भिंती दगडाच्या, जिना दगडाचा, डोक्यावर कौलं किंवा पत्रे नव्हेत तर दगडाच्याच लांबलचक पटिया. मधोमध उघडा चौक. चौकात तुळशीवृंदावन, एक नळ, आणि चार पिढ्यांचं फर्निचर.

मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यामुळे या फर्निचरकडे मी नेहमी खात्याच्या नजरेने पाहतो. आमच्याकडे फर्निचर निवृत्त होत नाही, त्याची बदली होते. दिवाणखाना ही राजधानी. खुर्चीची पाठ सैल झाली की तिला माजघरात पाठवतात. पाय डुगडुगायला लागला की जिन्याखाली. तिच्यावर माणूस बसेनासा झाला की वस्तू बसू लागतात, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत पापडांच्या डब्यांखाली तिची नेमणूक होते. तेही झेपेनासं झालं की शेवटचं ठाणं चौक. तिथे ऊन, वारा, पाऊस आणि शेजारचं मांजर. तरी सेवापुस्तक बंद होत नाही. ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल’ हे आमच्या घराचं ब्रीदवाक्य. आम्हाला राजमुद्रा असती तर तिच्यावर मोडकं स्टूल असतं आणि त्याखाली हेच शब्द.

गेल्या जानेवारीत मात्र चौक भरून वाहू लागला. कारण मेला. ग्वाल्हेरचा व्यापार मेला १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केला. तेव्हापासून दर हिवाळ्यात शहर तिकडे लोटतं. जत्रेला आम्ही मराठी बोलतानाही ‘मेला’च म्हणतो. पुण्याहून पहिल्यांदा आलेले पाहुणे ‘चला, संध्याकाळी मेला बघायला जाऊ’ हे ऐकून कोण, कधी, कसा, असं हळू आवाजात विचारतात. तर या मेल्यातून आम्ही नवा सोफा आणला. नव्याची नेमणूक झाली की जुन्याची बदली आलीच. जुना सोफा चौकात गेला आणि लक्षात आलं की आता तुळशीला प्रदक्षिणा घालायची तर सोफ्यावर चढून उतरावं लागेल.

मुलगी पुण्यात असते. लग्नाआधी ती आमच्यासारखीच ‘झाडू लावायची’, आता ‘केर काढते’. त्या रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी नेमका चौकात उभा होतो. माझ्यामागे सोफा, सोफ्यावर पालथी खुर्ची, खुर्चीच्या पायांत अडकवलेला कंदील.

“बाबा, मागे काय दिसतंय?”

“चौक.”

“चौक काय म्हणता! केवढा सुंदर पॅटिओ आहे तो! इथे लोक अशा जागेसाठी फ्लॅटला जास्तीचे पैसे मोजतात. आणि ते जुनं लाकूड फेकू नका हं. त्याचंच काहीतरी करू या.”

आमच्या घराला ‘फेकू नका’ असं सांगणं म्हणजे तानसेनाला ‘जरा सुरात गा’ म्हणण्यासारखं. पण मुलीचा उत्साह होता. तिने व्हिडिओ पाठवले. प्रत्येक व्हिडिओ ४० सेकंदांचा. त्यात एक हसतमुख बाई कचऱ्यातलं कपाट उचलते, त्यावर ब्रश फिरवते, आणि चाळिसाव्या सेकंदाला त्या कपाटाचा झोपाळा झालेला असतो. बाईच्या कपाळावर घाम नाही, हाताला कुसळ नाही, आणि मुख्य म्हणजे ‘अगं, हे कपाट माझ्या सासूबाईंचं आहे’ असं म्हणणारं घरात कोणीच नाही.

मी पॅटिओ शब्दाचा अर्थ शोधला. शब्द स्पॅनिश निघाला. घराच्या आतलं, वरून उघडं अंगण म्हणजे पॅटिओ. म्हणजे मुलीने आम्हाला चौकाचा चौक करायला सांगितलं होतं.

“आधी कबाडीला बोलवा,” ही म्हणाली. “उरेल त्याचा काय तो पॅटिओ करा.”

कबाडी आला. पुण्यात ज्याला भंगारवाला म्हणतात तो इकडचा कबाडी. त्याने चौकाच्या दारात उभं राहून एकदा नजर फिरवली आणि व्यवहाराचा नियम सांगितला, “लोहा तौल से, लकड़ी अंदाज से.” अंदाज फारच कमी होता. पण भाव ठरण्याची वेळ आलीच नाही.

त्याने शिवणयंत्राच्या ओतीव लोखंडी पायांना हात लावला आणि आई देवघरातून बाहेर आली. वरचं यंत्र केव्हाच बिघडून गेलं, पाय मात्र पायडल आणि चाकासकट शाबूत होते. “याच्यावर मी याचे शाळेचे सगळे सदरे शिवलेत,” तिने कबाडीला सांगितलं. “तीन सदऱ्यांच्या बाह्या उलट्या लागल्या होत्या, पण शिवलेत.” कबाडीने हात काढून घेतला.

मग तो टीव्हीच्या कपाटाकडे वळला. सरकत्या पट्ट्यांचं शटर असलेलं, कुलूप लागणारं ते सागवानी कपाट आम्ही १९८४ साली खास करवून घेतलं होतं. तेव्हा टीव्हीची योग्यता देव्हाऱ्याएवढी होती आणि सोवळं त्याहून कडक होतं. कपाटाची किल्ली आमच्या वडिलांच्या जानव्याला असे. १९८७ साली रामायण सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी निम्मी गल्ली या कपाटासमोर चपला काढून बसायची. “हे नको,” मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला वडिलांसारखा वाटला.

गंजका कूलर तरी जाईल असं मला वाटत होतं. घराघरांत असतो तसा तो पत्र्याचा चौकोनी कूलर. मोटर गेलेली, पंखा गेलेला, बाजूच्या जाळ्यांमधला वाळा झडून गेलेला. कबाडीने तो तराजूकडे ओढला आणि ही म्हणाली, “कूलर राहू द्या.” मी चकित. “लग्नानंतरचा माझा पहिला मे महिना या कूलरने काढलाय,” ती म्हणाली. “तुम्ही नव्हे.”

शेवटी उरला तंबोरा. ग्वाल्हेरच्या मराठी घरात तंबोरा असतो. घरात गाणारं कोणी असावं अशी अट नाही. ख्यालाचं ज्येष्ठ घराणं या गावचं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्यांनी महाराष्ट्रातून इथवर येऊन गाणं शिकून घेतलं आणि परत नेलं. आम्ही गावातच राहत असल्यामुळे उद्या शिकू म्हणत राहिलो. आमच्या तंबोऱ्याचा भोपळा माझ्या लहानपणीच तडकला, तो मी त्याच्यावर बसलो म्हणून. नाशिकला असलेल्या आत्याला फोन लावला तर ती म्हणाली, “मी मेल्यावर काय ते करा.” आत्याची तब्येत उत्तम आहे.

कबाडी रिकाम्या हाताने निघाला. उलट त्याच्या ठेल्यावर कोणाच्या तरी पाडलेल्या वाड्याच्या दाराची एक सागवानी फळी होती. आईने ती बोटाच्या पेराने वाजवून पाहिली आणि घासाघीस करून १५० रुपयांना आम्ही ती घेतली. ग्वाल्हेरात भंगारवाल्याला माल विकून जाण्याची संधी देणारं आमचं घर एकमेव असावं.

त्या रात्री हिची समजूत काढताना मी तिला शहराचा इतिहास सांगितला. इथे राहायचं तर दुसरा उपायच नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेने किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तंबू ठोकले, घोडे बांधले, चार दिवसांची सोय केली. ते तंबू उचलायचे राहून गेले. त्याच छावणीचं शहर झालं, आणि आजही त्याचं नाव लष्कर. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं कायमचं होतं हा पायंडा आमच्या चौकाने पाडलेला नाही. मानसिंह तोमरांनी मृगनयनी राणीसाठी बांधलेल्या गुजरी महालात आज पुरातत्त्व संग्रहालय आहे. मोती महालात संस्थानाच्या कचेऱ्या होत्या, १९४८ नंतर मध्यभारताची विधानसभा भरली, मग पुन्हा कचेऱ्या आल्या. १८७४ साली बांधून झालेल्या जयविलास महालाच्या एका भागात १९६४ पासून संग्रहालय आहे. तिथे काचेचं फर्निचर आहे, चांदीची आगगाडी आहे, झुंबरं आहेत. जुनं सामान तिथेही आहे, इथेही आहे. फरक एवढाच, की राजाचं फर्निचर जुनं झालं की त्याला तिकीट लागतं, आपलं जुनं झालं की वाळवी लागते.

“मग तुम्हीही तिकीट लावा,” ही म्हणाली आणि कूस वळवून झोपली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीजी आले. वय सत्तरीचं, कानावर पेन्सिल, आणि लाकडाविषयी बोलताना आवाजात वैद्याचं गांभीर्य. आल्याबरोबर त्यांनी कोणत्याही वस्तूला हात लावला नाही. नुसते हिंडले. मग एकेकीला नख लावलं, वास घेतला, आणि निदान सुरू केलं. दाराची फळी, “सागौन.” जुन्या सोफ्याचा सांगाडा, “शीशम. इसे काटोगे तो रंदा रोएगा.” मग ते आमच्या सगळ्यांत तरुण वस्तूपाशी आले. २००४ साली मुलीसाठी घेतलेलं, चकचकीत सनमायका लावलेलं कॉम्प्युटर टेबल.

“और ये?”

“ये लकड़ी नहीं है, साब. बिस्कुट है.”

त्यांनी कोपऱ्यावर ग्लासभर पाणी ओतलं आणि म्हणाले, सकाळी बघा. सकाळी तो कोपरा पावासारखा फुगला होता. लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेली ती पाटी. पाणी लागलं की भुसा फुलतो, आणि एकदा फुलला की स्क्रूला धरायला आत काही राहत नाही. सागाचं तसं नसतं. त्याच्या अंगातच तेल असतं, म्हणून पाऊस सोसतो आणि वाळवीला त्याची चव आवडत नाही. उन्हापावसात ठेवलं तर वरून राखाडी पडतं, पण आतून शाबूत राहतं. शिसव वजनदार आणि हट्टी, पण त्याचे सांधे बघा, मिस्त्रीजी म्हणाले. सोफ्याला कुठेही खिळा नव्हता. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली. साठ वर्षांनी जीभ थोडी सैल झाली होती इतकंच. हे माणसांचंही होतं.

मी उत्साहाने चमकदार वॉर्निशचा डबा आणला होता. मिस्त्रीजींनी तो बाजूला ठेवला. उघड्यावरच्या लाकडाला वॉर्निशचा जाड थर दिला की मे महिन्यात त्याला तडे जातात, जुलैत त्या तड्यांतून पाणी शिरतं आणि आतच कोंडून राहतं. त्यापेक्षा जवसाचं तेल. फडक्याने चोळायचं, मुरू द्यायचं, दोन दिवस थांबायचं, पुन्हा चोळायचं. असे तीन हात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पाय. “लकड़ी पैर से पानी पीती है,” ते म्हणाले. आडव्या फळीवरून पाणी ओघळून जातं, पण उभ्या पायाचा कापलेला तळ दगडावरचं पाणी स्पंजासारखा वर ओढतो. म्हणून प्रत्येक पायाखाली रबराची टोपी हवी. मी हे सगळं मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, हे व्हिडिओत नव्हतं.” ४० सेकंदांत जवसाचं तेल मुरत नाही.

पाच रविवार काम चाललं. त्यात माझं पद ‘पकडे रहो’ हे होतं. मिस्त्रीजी करवत चालवायचे आणि मला म्हणायचे, “साब, आप बस पकड़े रहो.” ३१ वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन कोणत्याही साहेबाने केलं नव्हतं. रेजमाल घासायचं काम मात्र संपूर्ण माझ्याकडे होतं. रेजमाल म्हणजे तुमचा पॉलिश पेपर. तिसऱ्या रविवारी माझ्या बोटांचे ठसे गेले. चौथ्या सोमवारी बँकेतल्या यंत्राने मला ओळखायला नकार दिला.

पहिली वस्तू झाली ती चहाचं टेबल. शिवणयंत्राच्या पायांवरचा गंज खरवडला, आधी रेड ऑक्साइड आणि मग काळा ऑइल पेंट दिला, वर दाराची ती फळी बसवली. दिसायला उत्तम. पण पायडल काढायचं राहिलं. किंवा आईने राहू दिलं. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडू लागली. पन्नाशीच्या पुढची कोणतीही बाई या टेबलाशी चहाला बसली की दुसऱ्या घोटाला तिचे पाय चालू होतात. तिला कळतही नाही. वर गप्पा, खाली चाक. टेबल हलकेच थरथरतं आणि कपबशा किणकिणतात. सुनेविषयी बोलणं निघालं की चाकाचा वेग वाढतो. हिच्या भिशीच्या दिवशी तर त्या टेबलावर एक अख्खं परकर-पोलकं शिवून झालं असतं.

कूलरचं आम्ही आळवाडं केलं. ही कल्पना हिची, आणि पाच रविवारांतली एकमेव कल्पना जिच्यात काहीही चुकलं नाही. कूलर म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठीच बनवलेली पत्र्याची पेटी. खाली टाकी, तीन बाजूंना हवा खेळायला जाळ्या. वरचं झाकण काढलं, टाकीला एका बाजूने जादा पाणी जाईल एवढं भोक ठेवलं, माती आणि शेणखत भरलं आणि अळू लावलं. अळवाला पाय ओले लागतात. ग्वाल्हेरचा बाजार अळूचे कंद अरबी म्हणून ढिगाने विकतो, पण वडीसाठी हवं तसं काळ्या देठाचं कोवळं पान मिळवताना जीव जातो. आता जाळ्यांमधून पुदिना बाहेर डोकावतो आणि वर हत्तीच्या कानाएवढी पानं डुलतात. ज्या यंत्राने हिचा पहिला मे महिना काढला, ते आता तिला श्रावण काढून देतं.

फोल्डिंग पलंगांची नवार निघाली. त्यांचे लोखंडी पाइप गेले होते, पण सुती पट्टी धुतल्यावर मजबूत निघाली. ती ताणून ताणून, उभी-आडवी विणून सोफ्याच्या सांगाड्यावर बसवली आणि सोफ्याचा बाक झाला. तंबोऱ्याला कोणी हात लावला नाही. तो भिंतीला उभा आहे. तडकलेल्या भोपळ्यात चिमणीने घर केलं आहे. आत्याला कळवलं. ती म्हणाली, “चला, आपल्या घरात कोणीतरी गायला लागलं.”

आणि मग ती खुर्ची.

ग्वाल्हेरच्या प्रत्येक मराठी घरात एक ‘महाराजांनी दिलेली’ वस्तू असते. कोणाकडे तलवार, कोणाकडे शालू, कोणाकडे नुसतीच जमिनीची सनद, जमीन नसलेली. आमच्याकडे खुर्ची. रुंद हातांची, उंच पाठीची, एकावर एक रंगांचे थर चढलेली. पणजोबा संस्थानात कारकून होते. त्यांच्या हस्ताक्षरावर खूश होऊन महाराजांनी त्यांना भर दरबारात ही खुर्ची दिली, ही कथा मी जन्मापासून ऐकत आलो. भर दरबारातून ते ती घरी कशी घेऊन आले हे विचारण्याची आमच्यात पद्धत नाही.

मिस्त्रीजींनी रंग खरवडायला घेतला. वर पांढरा, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली हिरवा. हिरव्याखाली सागाचं सोन्यासारखं लाकूड दिसू लागलं आणि सगळं घर गोळा झालं. मग पाठीच्या मागच्या पट्टीवर अक्षरं उमटू लागली. आईने हात जोडले. अक्षरं इंग्रजी होती, ठशाने उमटवलेली. मी ती मोठ्याने वाचली: ‘वेटिंग रूम’. खाली आकडा: १७.

चौकात शांतता पसरली. मिस्त्रीजींनी नजर वळवून करवतीला धार करायला घेतली. भला माणूस.

ही वेटिंग रूम कुठली असणार हे ग्वाल्हेरच्या माणसाला सांगावं लागत नाही. माधवराव महाराजांना आगगाड्यांचं विलक्षण वेड. जेवणाच्या टेबलावर रूळ टाकून त्यांनी चांदीची छोटी गाडी फिरवली, ती पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार घेऊन जायची. आणि टेबलाबाहेर त्यांच्या संस्थानात फक्त २ फूट रुंदीच्या रुळांवरून खरी छोटी गाडी धावायची. तिचा ग्वाल्हेर ते श्योपूर हा फाटा सुमारे २०० किलोमीटरचा. ती इतकी सावकाश जायची की माझ्या लहानपणी लोक उतरून, चार बोरं तोडून, पुन्हा चढल्याच्या गोष्टी सांगत. २०२० साली ती बंद झाली, आता तिथे रुंद रूळ येत आहेत. तर आमची दरबारी खुर्ची बहुधा तिच्या कुठल्याशा स्टेशनवर बसलेली होती. पणजोबांनी ती लिलावात घेतली, की गाडीची वाट बघता बघता ते खुर्चीसकट घरी आले, याचा तपास आता शक्य नाही.

आईने घसा साफ केला.

“रेल्वे कोणाची होती?”

“महाराजांची.”

“मग खुर्ची कोणी दिली?”

अपील फेटाळलं गेलं. खुर्चीला तेलाचे तीन हात मिळाले, नवार मिळाली, आणि आईच्या हुकमावरून ‘वेटिंग रूम, १७’ ही अक्षरं तशीच ठेवण्यात आली. महाराजांचा शिक्का म्हणून.

उरली मजबुतीची परीक्षा. या बाबतीतही ग्वाल्हेरची परंपरा मोठी आहे. जयविलासच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी ३.५ टनांची. ती टांगण्याआधी छत पेलेल की नाही हे बघायला वास्तुविशारद मायकेल फिलोज यांनी छतावर हत्ती चढवले, असं सांगतात. कोणी आठ हत्ती सांगतं, कोणी दहा. सांगणारा जितका खरा ग्वाल्हेरी, तितके हत्ती जास्त. आम्हाला हत्ती मिळाले नाहीत, आणि मिळाले असते तरी आमच्या गल्लीत ते वळले नसते. म्हणून वर्षाच्या गव्हाची दोन पोती हमालाकरवी बाकावर ठेवली. बाकाने हूं की चूं केलं नाही. परीक्षा उत्तम पार पडली. पण हमाल तोवर निघून गेला होता, आणि ती पोती आम्हा कोणाला उचलेनात. चार दिवस आमच्या पॅटिओच्या सर्वोत्तम आसनावर गहू बसला होता. त्या चार दिवसांत मुलीने फोटो मागितला. “बाबा, उशा छान आहेत,” ती म्हणाली.

होळी झाली आणि ऊन तापू लागलं. पॅटिओ तयार होता, पण ग्वाल्हेरचं ऊन व्हिडिओत नसतं. पारा ४५ च्या पुढे गेला की सकाळी अकरानंतर चौकातल्या दगडावर पाय ठेवणारा फक्त कावळा, तोही एका पायावर. दुपारी लू सुटली की चहाच्या टेबलाच्या लोखंडी पायांवर पापड भाजून निघतील. आम्ही सगळे दारं लावून एसीखाली, आणि काचेतून आमच्या पॅटिओकडे बघत असायचो, जसे लोक संग्रहालयात बघतात. हिने तिकिटाची आठवण करून दिली.

टीव्हीच्या कपाटाचं अजून काही ठरलं नव्हतं. बागेची हत्यारं ठेवू, असं मी म्हणत होतो. मे महिन्याच्या मध्यावर शेजारच्या मांजरीने माझी अडचण सोडवली. शटर वीतभर उघडं राहिलं होतं. तिने आत चार पिल्लं घातली.

त्याच रात्री साडेनवाला लाइट गेली. सगळ्या गल्लीची. तासाभराने इन्व्हर्टरनेही मान टाकली. खोल्या भट्टीसारख्या झाल्या आणि एकेक माणूस बाहेर येऊ लागला. हिने चौकाच्या दगडांवर बादलीभर पाणी शिंपडलं. तापलेल्या दगडावरून वाफ उठली आणि तो वास आला. मी तो कित्येक वर्षांत घेतला नव्हता. आई खुर्चीत बसली. ही टेबलाशी. सुटीला आलेली मुलगी आणि नात बाकावर. शेजारच्या काकू ‘तुमच्याकडेही गेली का’ असं विचारायला आल्या आणि टेबलाशी बसल्या. मिनिटभरात चाक फिरू लागलं. नातीने कपाटाचं शटर हळूच वर केलं, कंदील जवळ धरला, आणि आम्ही सगळे त्या चौकटीत वळवळणाऱ्या पिल्लांकडे एकटक बघत बसलो. चाळीस वर्षांनी घर पुन्हा त्या कपाटासमोर बसलं होतं.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. लहानपणी आमचा उन्हाळा इथेच जायचा. संध्याकाळी चौक शिंपायचा, खाटा टाकायच्या, माठ घडवंचीवर ठेवायचा, आणि पहाटेपर्यंत इथेच. मग एका वर्षी कूलर आला आणि आम्ही खोलीत गेलो. पुढे टीव्ही आला आणि बाहेर यायचं राहूनच गेलं. चौक रिकामा पडला म्हणून तिथे मोडकं सामान साचत गेलं. ज्या दोन वस्तूंनी आम्हाला आत नेलं, त्याच भंगार होऊन चौकात येऊन बसल्या होत्या, आणि आता त्यांच्या निमित्ताने आम्ही बाहेर आलो होतो. हे मी हिला सांगितलं. ती म्हणाली, “कूलरला पाणी घाला, अळू सुकतंय.”

पावणेबाराला लाइट आली. आतून एसीने टिंग केलं. काही कथांमध्ये अशा वेळी कोणी उठत नाही, पण ४५ अंश म्हणजे ४५ अंश. काकू गेल्या, ही उठली, मुलगी नातीला उचलून आत गेली. मी शटर वीतभर ठेवून खाली ओढलं आणि आईला म्हणालो, “चल आई, आत गार झालंय.”

“तू जा,” आई खुर्चीच्या रुंद हातांवर हात ठेवून म्हणाली. “माझी गाडी यायची आहे अजून.”

ती गाडी २०२० सालीच बंद झाली, हे आईला माहीत आहे. म्हणूनच ती इतकी निवांत बसली होती.